छिंगदाव, आणि अंबूच्या पायाचं माप

११ फेब्रुवारी १९६२, रविवार

आणि वर मामाच तोंड वर करून म्हणणार, घड्या घालणाऱ्याला मुलगी द्यायची तर मग धोबी काय वाईट! चारचौघांत. आईसमोर. अष्टग्रहीच्या भीतीनं सगळं नंदगड मारुतीच्या देवळात येऊन बसलेलं, जग बुडणार म्हणून होम चाललेला, आणि याला तेव्हाच सुचलं. जग बुडालं नाही. माझंच तेवढं बुडालं.

घड्या म्हणे. बंगळूरच्या चिकपेटेतल्या सिल्कच्या साडीची घडी मोडून परत तशीच घालून दाखव म्हणावं, विठोजीमामा. गिरणीत जोंधळे ओतण्याइतकं सोपं नाही ते.

अंबू माझीच. मामाची मुलगी, हक्काची. ती पाळण्यात असतानाच आईनं विचारून ठेवलंय. मामा तेव्हा 'बघू' म्हणाला होता. आमच्याकडे बघू म्हणजे हो. मी निघताना अंबू 'व्यंकूदादा, जपून जा' म्हणाली. दादा म्हणते ते लाजून.

१३ फेब्रुवारी

ठरलं. चिनी शिकायचं.

झालं असं. लिऊमास्तर दुकानात आला. दंडूत, म्हणजे कँटोनमेंटात, कमर्शियल स्ट्रीटच्या मागच्या गल्लीत याचं चपला-बुटांचं दुकान. बायकांच्या सपातांना आतून लावायला रेशमाचे तुकडे नेतो. तरुणपणी पाठीवर रेशमाचं गाठोडं घेऊन चीनहून दारोदार विकत आला आणि इथंच राहिला. कन्नड माझ्यापेक्षा बरं बोलतो. मी सहज विचारलं, मास्तर, गाव कुठलं? म्हणाला, छिंगदाव. समुद्राकाठचं मोठं शहर. छिंग म्हणजे हिरवं, दाव म्हणजे बेट.

दोन मिनिटांत दोन शब्द. दिवसाला दोन धरले तर दिवाळीपर्यंत पाचशे. मामाला मराठी तरी पाचशे शब्द येतात का?

प्लॅन असा. चीनमध्ये रेशीम, चिकपेटेत रेशीम, मधे दोन्हीकडचं बोलणारा माणूस नाही. तो मी. एजंट. सूट, छत्री, बोटीचं तिकीट. तिकिटाचे पैसे साठवायला बिस्किटाचा डबा रिकामा करून ठेवला. पेपरात दोन सरकारांचं भांडण येतं ते डोंगरावरून आहे. डोंगरात दुकान नसतं. धंद्याला काय त्याचं.

१८ फेब्रुवारी, रविवार

पहिला धडा. फी नाही. मास्तर शिवतो, मी दोरा मेणावरून ओढून देतो.

याची शिकवायची तऱ्हा वेगळी. अक्षरं नाहीत, बाराखडी नाही. म्हणाला, समज तू छिंगदावला बोटीतून उतरलास. समोर काय? मी म्हटलं, मला काय माहीत, मी समुद्रच पाहिलेला नाही. म्हणाला, आता मागे बघ. हाय. हाय म्हणजे समुद्र. पायाखाली लांब धक्का, तो छ्याव. वर डोंगर, शान. डोंगरावर जर्मन लोकांनी बांधलेली घरं, त्यांना लाल कौलं. हुंग म्हणजे लाल, वा म्हणजे कौल.

कौलं आमच्याकडेही आहेत. अर्धं चिनी मला आधीच येत होतं असं दिसतं.

५ मार्च

दोन रविवार चुकले. एका रविवारी डोकं दुखलं. दुसऱ्याला मॅजेस्टिकला सिनेमा पाहिला, एजंटाला सूटमध्ये चालायचं कसं ते पाहून ठेवावं लागतं. शिवाय भाषा मुरायला वेळ द्यायला हवा.

शिवाप्पा (माझ्याबरोबर घड्या घालतो, बारा वर्षं त्याच खुर्चीत) म्हणतो, अरे आधी कन्नड तरी धड बोल, काल गिऱ्हाइकाला काकू म्हणायच्या जागी सासू म्हणालास. एक चूक माणूस किती दिवस धरून बसतो.

५ एप्रिल, पाडवा

इथं युगादी. कडुलिंब-गूळ खाऊन संकल्प: रोज चार शब्द. झालेलं नुकसान भरून निघेल.

दुसरा संकल्प: अंबूला मास्तरच्या हातच्या रेशमी सपाता. मास्तर म्हणाला, पाय कागदावर ठेवायला सांग, भोवती पेन्सिल फिरव, तो कागद मागव. आईला पत्र टाकलं.

२९ एप्रिल, रविवार

पाय आला.

उजवा. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून जरा लांब. इतकी वर्षं एका अंगणात खेळलो, मला माहीत नव्हतं. टाचेपाशी रेघ थरथरलीय. तिथं तिला गुदगुल्या झाल्या असणार. खाली लिहिलंय, हिरव्या रंगाच्या.

कागद मास्तरला द्यायचा म्हणून वर दुसरा कागद ठेवून नक्कल काढली. ती या वहीत आहे. शिवाप्पानं पाहिलं. म्हणाला, अय्यो, हे काय रे, पादुका? उदबत्ती आणून देऊ?

त्याला बायको घरच्यांनी आणून दिलेली. त्याला काय कळणार.

१७ जून, रविवार

सपाता तयार. निळ्या!

मी मास्तरवर चिडलो. म्हटलं, कागदावर हिरव्या लिहिलंय. त्यानं शांतपणे रेशीम पुढे धरलं. छिंग. मी म्हटलं, हे आकाशाचं. म्हणाला, हो, आमच्यात आकाशही छिंग, पानही छिंग. एवढा मोठा देश आणि दोन रंगांना एकच शब्द पुरवतात. काटकसर ही अशी असते, म्हणून रेशीम विकायला परवडतं. पार्सल केलं.

८ जुलै, रविवार

अंबूच्या स्वतःच्या हातच्या दोन ओळी. 'व्यंकूदादा, सपाता फार आवडल्या. पाय आत गेला की गार वाटतं.'

गार वाटतं! असं कोण कुणाला लिहितं? लिहितानाही दादा. फारच लाजते.

आनंदाच्या भरात दुकानात मालकांना, जयसिंगअण्णांनाही, दोन चिनी वाक्यं ऐकवली. म्हणाले, बरं बरं, आता त्या कांजीवरमची घडी घाल, ती मराठीत घातली तरी चालेल.

१९ ऑगस्ट, रविवार

आज मास्तरच्या घराच्या दारापर्यंत पोचलो. धक्का, मासळीबाजार, चढ, चर्चचे दोन मनोरे, लाल कौलांची रांग, डावीकडे गल्ली, विहीर. दार म्हणजे मन. घर म्हणजे ज्या. हुइ ज्या म्हणजे घरी जाणे. बंगळूरात मी अजून चुकतो, छिंगदावात चुकणार नाही.

मी म्हटलं, मास्तर, दार उघडा, आतले शब्द सांगा. चूल, माठ, माणसं. मास्तर म्हणाला, आज एवढंच.

मागच्या रविवारीही इथंच थांबला होता. म्हातारा आळशी होत चाललाय. आईला मू-छिन म्हणतात, एवढं तेवढं जाता जाता सांगितलं. तेवीस वर्षांत तिकडची काही खबर नाही म्हणाला. मी म्हटलं, मी एजंट झालो की पहिली चक्कर तुमच्या घरी. हसला. मग दोरा तुटला.

२३ सप्टेंबर, रविवार

अंबूचं पत्र, सोबत आणखी एक पाय! हा भलताच मोठा, कागदाबाहेर जायच्या बेतात. 'व्यंकूदादा, या मापाचे काळे बूट होतील का? तुमच्या मास्तरसारखे इकडे कुणी करत नाही. पैसे बाबा देतील.'

मामा नरमला! सपाता बघितल्या असणार. स्वतःच्या तोंडानं मागायची लाज, म्हणून अंबूकरवी.

शिवाप्पानं कागद उलटसुलट बघितला. म्हणाला, तुझा मामा गेल्या दसऱ्याला आला होता तेव्हा शाळेतल्या पोराएवढ्या चपला होत्या की रे त्याच्या. या वयात वाढतोय काय? मी म्हटलं, म्हातारपणी पाय सुजतात.  मग त्यानं उगाच मला बाय-टू कॉफी पाजली, एक कप दोघांत. बिलही त्यानंच दिलं. हा माणूस कधी असं करत नाही.

मास्तरला सांगितलं, एक नंबर चामडं लावा. पैसे मामाकडून घ्यायचे नाहीत. डब्यातून निम्मे आगाऊ दिले. बोट काय, पुढच्या वर्षीही जाते.

२१ ऑक्टोबर, रविवार

लढाई लागली. सगळ्या पेपरात. डोंगरातच चाललीय.

मास्तरचं दुकान अर्धी फळी लावून. आत बूट ठोकत होता. मला बघून हातानंच जा म्हणाला. धडा नाही. बरंच झालं, अभ्यासाला सुट्टी हवीच होती.

जयसिंगअण्णांनी लढाईच्या फंडाला सगळ्यांचा एक दिवसाचा पगार घेतला. मला बाजूला घेऊन म्हणाले, व्यंकू, ती भाषा आता दुकानात नको रे. गिऱ्हाईक घाबरतं. मी म्हटलं, सरी. बरं.

२८ ऑक्टोबर, दिवाळी

घरी गेलो नाही. एजंट होऊनच जायचं ठरलं होतं ना. शिवाप्पाच्या घरी जेवलो.

पाचशे शब्दांचा हिशेब: साठ. पण पक्के.

११ नोव्हेंबर, रविवार

मास्तर शिवाजीनगरच्या बाजारात दिसला! पिशवी घेऊन, भिंतीच्या कडेकडेनं. तीन आठवड्यांनी. मी हाक मारली आणि खणखणीत चिनीत विचारलं, नी हुइ ज्या मा? घरी चाललात का? आजवरचं माझं सगळ्यात लांब वाक्य.

मास्तरनं माझ्याकडे बघितलं. कन्नडमध्ये म्हणाला, यारप्पा नीनु? गोत्तिल्ल. कोण रे तू? मला माहीत नाही. आणि चालायला लागला. सायकलवरचे दोघं थांबले होते, ते आधी माझ्याकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे.

उच्चार चुकला असणार. सराव नाही. त्याचे कानही आता म्हातारे झालेत.

१८ नोव्हेंबर, रविवार

गल्लीत गेलो. दुकानाची काच फुटलेली, वर फळ्या ठोकलेल्या. शेजारचा शिंपी म्हणाला, गाडीत बसवून नेलं. समोरचा पानवाला म्हणाला, छे, आपणच गेला, ट्रंक मी उचलून दिली. कुठं, ते दोघांनाही ठाऊक नाही.

घरीच गेला असणार. धक्का, बाजार, चढ, डावीकडे गल्ली. वाट पाठ आहे त्याला.

२० नोव्हेंबर

शिवाप्पानं आज काउंटरखालून पुडकं काढलं. चार दिवस लपवलं होतं. मास्तर सकाळी दुकान उघडायच्या आधी येऊन बूट देऊन गेला. उरलेले पैसे नको म्हणाला. निरोप ठेवला: पोराला सांग, रस्त्यात माझ्याशी बोलू नको, तुला त्रास होईल.

म्हणजे उच्चार बरोबर होता.

बूट फार सुंदर झालेत. कोणी नाही बघून पायात घालून पाहिले. पुढे दोन बोटं जागा राहते.

२६ नोव्हेंबर

मामाचं पत्र. अंबूचं लग्न ९ डिसेंबरला. मुलगा गोव्यात, मुरगावच्या धक्क्यावर क्लार्क. सरकारी खोली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. समोर बेटही आहे म्हणे. बूट वेळेत पाठव, मापाला चुकायला नको, जावई उंच आहेत.

मामाचा पाय लहानच आहे.

पुढे लिहिलंय, आमच्या घरात मुलगा नाही, तर जावयाचा कान पिळायला तूच ये. अंबूचा हट्ट आहे, भावाचा मान व्यंकूदादालाच.

२७ नोव्हेंबर

जाणार. असा पिळीन की कान हातात येईल. मग मांडवात सगळ्यांदेखत चिनीत बोलेन.

काय बोलेन ते आठवत नाही. धक्का आठवतो. कौलं आठवतात.

३० नोव्हेंबर

जाता येणार नाही. लग्नाचा सीझन, मालक रजा देणार नाहीत. विचारलेलं नाही, पण तोंडावरून दिसतं.

संध्याकाळी जयसिंगअण्णा आपणहोऊन म्हणाले, शिवाप्पा सांगत होता, तुझ्या तंगीचं लग्न आहे. चार दिवस जाऊन ये की रे. इकडे धाकट्या बहिणीला तंगी म्हणतात. मी म्हटलं, बघू.

४ डिसेंबर

पोस्टात गेलो. बुटांची नाकं बसू नयेत म्हणून आत पेपर कोंबला. वहीतल्या अंबूच्या पायाच्या नकलेचा कागदही कोंबायला बरोबर त्याच आकाराचा होता. तो वहीतच ठेवला.

मनिऑर्डर मामाच्या नावे. फॉर्मच्या खाली मजकुराला चार बोटं जागा असते. तिथं दोन चिनी अक्षरं काढली, छिंग आणि दाव. लिहायला एवढीच येतात. अंबू समुद्राकाठी जातेय, समोर बेट आहे. काउंटरवरचा म्हणाला, हे काय? कुठली भाषा ही? रांगेतले दोघंतिघं मान पुढे काढून बघायला लागले.

मी म्हटलं, गोत्तिल्ल.

फॉर्म फाडला. दुसरा घेतला. लिहिलं: चि. सौ. कां. अंबूस आहेर. कान पिळायला येता येत नाही, दुकानात सीझन आहे. खिडकीतून समुद्र बघ. तुझा दादा, व्यंकू.

डब्यात बोटीचे त्रेसष्ट उरले होते. आहेराला शेवटी एक लागतो, वरचे दोन कमिशनला आणि चहाला.

रुपये एकसष्ट.