कायमच्या कामाला लाल बाटली

सोमवार, ३ मार्च
बोल्ट नेमका किती घट्ट असला की पुरेसा घट्ट? खरं सांगायचं तर मला माहीत नाही. पण घट्टपणात काटकसर कशाला करायची?

गाडीच्या इंजिनवरच्या झाकणातून तेल गळतंय. बाबा गॅरेजला टाकणार होते. मी अडवलं. झाकण उघडायचं, खालचं रबरी पॅकिंग बदलायचं, झाकण लावायचं. एवढ्यासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं? माणसाने स्वावलंबी असावं. बाबा म्हणाले, शनिवारी आत्याचं डोळ्याचं ऑपरेशन आहे, तिला न्यायला गाडी हवी. मी म्हटलं, बुधवारीच घ्या. त्यांनी लगेच शेजाऱ्यांना सांगितलं, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट आहे, करेल. आई म्हणाली, म्हणूनच भीती वाटते.

मंगळवार, ४ मार्च
झाकण उघडलं. सोपं असतं. लोक उगाच बाऊ करतात.

दुकानातून नव्या पॅकिंगसोबत थ्रेडलॉकर आणलं. बोल्टच्या आट्यांना लावायचा डिंक. इंजिन कितीही थरथरलं तरी बोल्ट सैल होत नाही. पुन्हा उघडायचं असेल तर निळी बाटली, कायमचं असेल तर लाल. दुकानदाराने विचारलं, कुठे लावणार ताई? मी लाल उचलली. निळी घेणाऱ्यांचा स्वतःच्याच कामावर विश्वास नसतो.

बुधवार, ५ मार्च
सगळ्या बोल्टना डिंक लावून झाकण आवळलं. कडेने ओघळलेला डिंक ओलाच. जेवून आले, ओलाच. घरातला टेबलफॅन आणून बॉनेटखाली वारा घातला. आई घामाघूम. तिला समजावलं, विज्ञानासाठी थोडं सोसावं लागतं. ती म्हणाली, मग आजचा स्वयंपाकही विज्ञानालाच करू दे.

गाडी उद्या देते, असं बाबांना सांगितलं.

गुरुवार, ६ मार्च
डिंक अजून ओला. सदोष माल! परत करायला निघाले. वाटेत बाटलीची मागची बाजू वाचली. हा डिंक हवेत वाळतच नाही. आट्यांमध्ये, हवा नसते तिथेच घट्ट होतो. केमिस्ट्री हा माझा मुख्य विषय होता, पण हे सिलॅबसमध्ये नव्हतं. म्हणजे आत पक्कं झालंय. म्हणजे यश!

संध्याकाळी आईने विचारलं, ते काळं रबर तुझंच ना गं? खिडकीच्या फटीत बसवलंय, आता तावदान वाजत नाही.

ते नवं पॅकिंग होतं. इंजिनवर मी जुनंच परत बसवलंय. दोन्ही काळीच असतात. ही बनवणाऱ्यांची चूक.

शुक्रवार, ७ मार्च
झाकण पुन्हा उघडायला घेतलं. बोल्ट हलेना. पान्याला लांब पाइप लावून लटकले. फिरला! म्हणजे बोल्टचं डोकं फिरलं. बाकीचा बोल्ट आतच राहिला. दुसऱ्याचंही तेच. लाल डिंक उत्तम आहे, हे मान्य करायलाच हवं.

बाबांनी विचारलं, कुठवर आलं? मी म्हटलं, एक बाजू मोकळी झालीय. ते म्हणाले, असू दे, उद्या बसने जाऊ. घाईत काम बिघडायला नको.

शनिवार, ८ मार्च
बसमध्ये आत्या दर धक्क्याला माझा हात घट्ट धरत होती. म्हणाली, धूसर दिसतंय तेच बरं बाई, नाहीतर तुझी गाडी बघावी लागली असती. बाबा मात्र शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, गाडी आहे हो आमची, मुलगी दुरुस्त करतेय. ग्रॅज्युएट आहे. तो माणूस माझ्या तेलाने काळ्या झालेल्या नखांकडे बघत राहिला.

ऑपरेशन नीट झालं. टॅक्सीने परत आणायचं ठरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, सोमवारी पुन्हा दाखवायला आणा, पण बसचे धक्के नकोत. बाबा म्हणाले, सोमवारी आमची गाडी आहे ना! आणि माझ्याकडे बघून हसले.

मला तीन योजना सुचल्या होत्या. एकही बोलले नाही.

घरी आल्यावर, बाबा आत्याच्या उशा नीट करत होते तेवढ्यात, सोमवारसाठी टॅक्सी सांगितली आणि गॅरेजला फोन केला. त्यांचा टेम्पो येऊन गाडी ओढून घेऊन गेला.

ओढायच्या दोरीची गाठ गॅरेजवाल्यांनाच मारू दिली.