खिळ्यावरच्या चपला

प्रिय अक्का,

तुझा नियम तुझ्यापाशीच ठेव. जो दारात येईल त्याला सायकल द्यायची, तोंड बघायचं न्हाई, हे तू मला पन्नासदा ऐकवलं. पण हे तोंड तर तू सहा वर्षं बघितलंय. ज्या नवऱ्यानं तुझी बोटं मोडली त्यालाच तू शेडमधली सायकल काढून दिली, आणि मी फोनवर दोन शिव्या घातल्या तर माझाच नंबर बंद केला. रामेश्वरला सायकल आणि सख्ख्या भावाला कुलूप. म्हणून आता कागदावर भांडतोय. सातवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर हाय, वाचायला जड जाईल. जाऊ दे.

वत्सलामावशीनं तो नियम काढला तेव्हा मी तिथंच हँडलाचा गंज घासत बसलो होतो. शाळेतली शिपाईगिरी संपल्यावर मावशीला घरात करमेना. सरकारनं पोरींना दिलेल्या सायकली पंक्चर होऊन अंगणात पडल्या होत्या, त्यांच्यावर कोंबड्या बसायच्या. त्या तिनं दारोदार मागून बंद पडलेल्या दूध डेअरीच्या शेडमध्ये आणल्या. शेडला दार न्हाई, कामाला पगार न्हाई. तीन मोडक्यांची एक धड करायची, आणि ज्याला पाटोद्याला कामाला, कॉलेजला, दवाखान्याला जायचंय त्याला दिवसभर फुकट द्यायची. मी म्हणलो, मावशे, तारण ठेवा, एखादी वही करा. ती म्हणली, वही काढली तर बाया यायच्या न्हाईत, आणि पैसे मागितले तर त्यांचे नवरे येतील भांडायला. मग ठरलं, पायातल्या चपला काढायच्या आणि भिंतीच्या खिळ्याला टांगायच्या. सायकल आली की चपला परत. अनवाणी कोण घरी जाणार? भिंतीकडं बघून गाव सांगायचं, आज कोण बाहेर गेलंय. आमी हसायचो, म्हणायचो, ग्रामपंचायतीपेक्षा ही भिंत जास्त खरं बोलते.

लई खरं बोलली. त्या पहाटे रामेश्वरनं तुला चुलीतल्या लाकडानं मारलं. कानातून रक्त येत होतं, आणि तू पळत शेडमध्ये आली, निळी सायकल काढली. शेडमध्ये चिटपाखरू नव्हतं, अक्का. मावशी घरी झोपलेली. विचारणारं कुणी नसताना, जीव घेऊन पळताना, तू पायातल्या चपला काढल्या आणि खिळ्याला टांगल्या. मला आजपण हे आठवलं की तुझा राग येतो. रामेश्वरचा येतो त्याच्यापेक्षा जास्त येतो, खरं सांगतो.

दिवस उगवल्यावर तो मोटारसायकल घेऊन तुला हुडकत शेडवर आला. डाव्या चपलेचा अंगठा तू तांब्याच्या तारेनं बांधलेला, तेवढी खूण त्याला पुरली. सायकलवर गेली म्हणजे डांबरी रस्त्यानं, म्हणजे बीडला, माझ्या गॅरेजकडं. कपिलधारच्या फाट्याच्या अलीकडं चढाला तू सायकल ढकलत होती, तिथं त्यानं मागून गाडी घातली. खिळ्यावरच्या चपला तो सोबत घेऊन आलता. आधी त्या तुटेपर्यंत तुझ्या तोंडावर मारल्या. मग ती निळी सायकल उचलून तुझ्या उजव्या हातावर आपटली. परत उचलली, परत आपटली. एक ट्रकवाला खाली उतरला म्हणून वाचली, न्हाईतर तिसऱ्या वेळेला रामेश्वरनं तुझ्या डोक्यावरच नेम धरला होता.

पुढं मी काय केलं ते तुला माहीत हाय, तुझ्या खांद्यालापण माहीत हाय. तो पोलिसांना सापडायच्या आधी मला सापडला, पाटोद्याच्या बाजारात. सायकलची चेन माझ्या मुठीला गुंडाळलेली. त्याचे दोन दात भाजीवालीच्या वांग्यात पडले आणि म्हातारी ओरडली की वांग्याचे पैसे कोण देणार. मला तवा हसू आलं, इतका मी भानावर नव्हतो. त्याला मारायचं काम अर्ध्यावर होतं आणि तू गळ्यात अडकवलेल्या हातानं मधी येऊन उभी राहिली. चेन सुटली होती, थांबवता आली न्हाई. तुझ्या खांद्याचं मांस निघालं. तू ओरडली न्हाईस, माझ्याकडं नुसतं बघितलं. त्याच्याकडं बघायची तसं.

मग त्याला जेल आणि मला गुजरात. इथं अलंगला समुद्राच्या काठी जुनी जहाजं तोडतात. डेअरीच्या शेडसारखी शंभर शेडं पोटात मावतील एवढं जहाज वाळूत येऊन पडतं आणि आमी मुंग्यांसारखं त्याला खातो. माझ्याकडं गॅसची बत्ती हाय, लोखंड लोण्यासारखं कापते. वरनं पत्रा सुटला की खाली कोण हाय हे तो बघत न्हाई. मागच्या महिन्यात ओडिशाच्या एका पोराचा पाय गुडघ्यापासून गेला, मीच त्याला उचलून आणला, तो सारखं विचारत होता की बूट कुठंय. मला इथं बरं वाटतं असं म्हणलो तर तुला भीती वाटंल. पण दिवसभर तोडलं की माझ्या अंगातली आग जरा खाली बसते.

एक गंमत सांगतो. तेलाच्या मोठ्या जहाजावर डेक इतका लांब असतो की तिथली माणसं सायकलवर फिरतात. आमाला तसली एक सापडली, खाऱ्या हवेनं खाल्लेली, चेन दगड झालेली. मी ती रॉकेलमध्ये बुडवून, हातोडीनं ठोकून चालती केली. बसायच्या आधी मी चपला काढल्या आणि रेलिंगला अडकवल्या. सगळे हसले. माझ्या ध्यानात नंतर आलं मी काय केलं ते.

तर रामेश्वर जामिनावर सुटला. वकिलात मोटारसायकल गेली, काम मिळालं ते खडीच्या क्रशरवर, चालत जायला लांब. हरिओमनं, मावशीच्या पोरानं, मला फोन करून सांगितलं की आता तू सांभाळते त्या शेडमध्ये तो आला, दोन सायकली लाथेनं पाडल्या आणि म्हणला, इथं म्हणं सगळ्या गावाला सायकल मिळते. त्याला वाटलं तू न्हाई म्हणशील आणि त्याला धिंगाणा करता येईल. तू म्हणली, मिळते की, चपला काढ. त्यानं त्या तुझ्या छातीवर फेकल्या. तू उचलल्या आणि डाव्या हातानं खिळ्याला टांगल्या, अगदी पुढच्या, रस्त्यावरनं दिसतील अशा. हे ऐकून मी फोनवर तुला नको ते बोललो. म्हणलो, अजून त्याचं कुंकू सुटत न्हाई का तुझं.

मी मूर्ख हाय. मला पंधरा दिवसांनी हरिओमनंच समजावलं. तू बाजाराला निघताना आधी भिंतीकडं बघते. त्याच्या चपला खिळ्याला असल्या की तो क्रशरवर, गावाच्या बाहेर. मग तू विहिरीवर जाते, पिठाच्या गिरणीत जाते. नसल्या तर तू बायांच्या मधी बसून काम करते, हातात नट आवळायचा मोठा पाना. ज्या खिळ्यानं तुझा ठावठिकाणा त्याला दिला, त्याच खिळ्याकडनं तू रोज त्याचा ठावठिकाणा घेते. आणि सगळ्या गावादेखत त्याला रोज सकाळी तुझ्यासमोर वाकून चपला काढाव्या लागतात. मी बत्ती बंद केली आणि जहाजाच्या पोटात बसून राहिलो. मुकादम म्हणला, काय बे, मेलास का.

पण अक्का, मी तोडणारा माणूस हाय, मला कुठनं फुटंल ते आधी दिसतं. चपला खिळ्यावर आणि माणूस गावात, असं व्हायला काय लागतं? सायकल ओढ्यात टाकायची आणि अनवाणी मागं यायचं. हे सांगायला मी फोन लावत होतो, सारखा, आणि तुझा नंबर बंद.

मंगळवारी तेच झालं. भर दुपारी. बाया जेवायला घरी गेलेल्या, तू एकटी चाकाच्या तारा आवळत बसलेली, भिंतीवर त्याच्या चपला. अनवाणी पायाचा आवाज येत न्हाई. त्यानं मागनं केस धरले आणि क्रशरवरचा हातोडा उचलला. हरिओम म्हणतो, तू डोकं सोडवलं न्हाई, उलट मागं रेटलं, आणि पाना खांद्यावरनं मागं हाणला. त्याच्या गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं तो आवाज मावशीला घरात ऐकू आला. हातोडा पडला, तो पळाला, तुझ्या केसांचा पुंजका मुठीत घेऊन. पोलीस येऊन गेले. तो अजून सापडला न्हाई. आणि तू त्याच्या चपला अजून तशाच ठेवल्यात. लोक म्हणाले फेक, तर म्हणली, सायकल परत आल्याबिगर कुणाच्या चपला काढत न्हाई.

त्याच सांजेला मी तिकीट काढलं. जहाजाच्या पत्र्यातनं हातभर पात मी मागंच कापून ठेवलेली, मूठ बसवलेली, धार लावलेली. पिशवी भरली. तेवढ्यात हरिओमकडनं फोनवर तुझ्या आवाजातला निरोप आला: सत्यमला सांग, एका माणसाच्या चपलांवर नजर ठेवून माझे डोळे दुखाय लागलेत, दुसऱ्याच्यावर ठेवायला लावू नको. मी तो सारखा ऐकला. बाजारात तू जसं बघितलं होतं तेच डोळे दिसले. गाडीची वेळ गेली तरी मी पिशवीवर बसून होतो.

पात मी खोलीवरच्या आचाऱ्याला दिली, तो तिच्यानं मासे कापतो, लई खूष हाय. आता माझं एक ऐक. मी पैसे धाडतोय, त्यातनं शेडला दार बसव. लोखंडी, जाड पत्र्याचं, आतून कडी लागंल असं, आणि डोळ्याएवढं भोक ठेव. दिवसभर उघडं ठेव पाहिजे तर, पण एकटी असली की कडी. तुझा नियम मोडत न्हाई, दार वाजवणाऱ्यालापण सायकल देता येते. उरलेल्यात तुझ्या केसच्या तारखांची सोय कर, आणि पायात चांगल्या चपला घे. आता विचारशील, एवढे पैसे तुझ्याकडं कुठनं आले. इथं आल्यापासून साठवलेते. त्याला मारल्यावर माझ्या वकिलाला द्यायला. आता मला वकील लागत न्हाई.

तुझाच,
तिकडं न आलेला,
सत्यम

उद्या तुझ्या खात्यावर टाकतोय: रुपये एकतीस हजार पाचशे.