एकोणीस मार्चची तोंडी परीक्षा

३ मार्च, सोमवार
अकरावी, प्रगत इतिहास. बावीस मुलं, बावीस निबंध, तोंडी परीक्षा एकच. परीक्षक भोपाळहून येणार, १९ तारीख पक्की. धुळवड १४ला, म्हणजे रंग उतरवायला मुलांना चांगले चार दिवस सोडलेत. आज स्वतःवर खूश आहे.

४ मार्च
वेळापत्रक फळ्यावर लावलं. वर्गात हशा. शेवटी केतकीच बोलली, "मॅडम, उन्नीसला तर रंगपंचमी आहे ना. गेर निघते." आमच्या नागपूरला धुळवड झाली की विषय संपला. इथे खरा रंग पाचव्या दिवशी. गेर म्हणजे राजवाड्यावरून रंगांची मिरवणूक, अख्खं शहर बंद. शाळेच्या कॅलेंडरवर ती सुट्टी छापलेली नव्हती आणि जानेवारीत तारीख ठरवताना कुणाला विचारायचं मला सुचलं नाही. गाढव आहे मी.

५ मार्च
प्राचार्य : "मैडमजी, पोर्टल लॉक हो गया. बच्चे आ जाएंगे, टेंशन मत लो." परीक्षकांकडे दुसरा दिवसच नाही. तोंडी चुकली की निबंध बाद, आणि बारावीला हा विषय बंद. टेंशन कोण घेणार मग?

११ मार्च
बाकीचे इथलेच, शाळेजवळ विजय नगरच्या आसपासचे, येतील चालत. केतकी राजवाड्यामागच्या गल्लीतली. तिथले रस्ते सकाळीच बंद होतात. आदल्या दिवशी माझ्याकडे राहायला ये म्हटलं. वडिलांना फोन केला. "अहो मॅडमजी, त्या दिवशी आमच्या गॅलरीत गेर बघायला पन्नास लोक येतात. पोरगी घरी नको का? देखते हैं." दोन वर्षं काढली इथे, पण 'देखते हैं' म्हणजे हो की नाही, अजून कळत नाही.

१८ मार्च
राहायला आली नाही. मेसेज : "सकाळी सहाला पापा सोडतील, पक्का." पणजीने लिहिलेल्या पत्रांवरच्या निबंधासाठी वर्षभर राबलीये ही पोर. तिच्याइतकं चांगलं वर्गात कुणाचंच नाही.

१९ मार्च, बुधवार
पापा पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेले, ते वेळेत परतलेच नाहीत. अकराला तिचा फोन, मागे ढोल. "मॅडम, पुलिस एकही गाडी निकलू देत नाहीये. मी पैदलच येते." परीक्षकांना विनवलं, थांबा, नाहीतर फोनवर घ्या. "नियम नहीं है, मैडम." दोनला गुणांचं पाकीट सील. केतकीच्या नावापुढे 'अनुपस्थित', खाली माझी सही.

अडीचला आली. एकच चप्पल, केस गुलाबी, निबंध प्लास्टिकच्या पिशवीत कोरडा.

"सर गेले?"

म्हटलं, बस. सगळे प्रश्न मीच विचारले, पाऊण तास. कुठेही अडखळली नाही. उठताना म्हणाली, "बरोबर झालं ना, मॅडम?"

बरोबरच झालं होतं. तेच सहन होत नाहीये.

२१ मार्च
भोपाळला दोन मेल केल्या. उत्तर नाही. प्राचार्य म्हणाले, "अब क्या कर सकते हैं." केतकी वर्गात पहिल्या बाकावर बसली. बुधवारचे तिचे गुण मी एका साध्या कागदावर लिहून ठेवलेत, चाळीसपैकी अडतीस. तिला वाटतंय, ते धरले जाणार. अजून सांगितलेलं नाही.