कोरड्या काखा

३ मार्च

मालकीणबाईंनी आज जाहीर केलं — पुढच्या महिन्यापासून पार्लरमध्ये काळे कोट बंद, सगळ्यांना फिकट आकाशी. "कसं प्रसन्न वाटेल," म्हणे. काळ्यावर काखेतला ओलावा दिसत नाही, म्हणून तर इतकी वर्षं निभावलं. केस कापायचे म्हणजे दिवसभर हात वर. खुर्चीतल्या बाईचं नाक नेमकं माझ्या काखेशी. थंडीतसुद्धा धारा लागतात. लोक काखा वर करून मोकळे होतात, मला तेवढीही सोय नाही!

५ मार्च

सर्जनकडे जाते म्हटल्यावर आईचा पारा चढला. "घामाला कुणी चाकू लावतं का? घाम सगळ्यांनाच येतो." येतो ना. पण सगळे दुपारी बाथरूममध्ये कोंडून घेऊन कपडे बदलत नाहीत.

११ मार्च

अशी फजिती वैऱ्याचीही होऊ नये. नर्सने फोनवर बजावलं होतं — तपासणीआधी काखेत काही लावायचं नाही. पाळलं. पण आज निघताना वाटलं, डॉक्टरकडे ओल्या काखेने कसं जायचं? फासला घाम रोखणाऱ्या रोल-ऑनचा जाड थर! सर्जनबाईंनी आयोडीन लावलं, वर पिठासारखी पूड भुरभुरवली. घाम असेल तिथे काळंनिळं होतं. आम्ही दोघी वाट बघत बसलो. काही म्हणजे काही नाही. "इतकी कोरडी काख घेऊन माझ्याकडे कशाला आलात?"

खरं सांगितलं. त्या हसल्या, मलाही हसू फुटलं, आणि मग रडूच आलं. आजवर आईखेरीज कुणाला बोलले नव्हते. पुन्हा बोलावलंय.

१८ मार्च

काहीही न लावता गेले. बसमध्ये हात अंगाला चिकटवून बसले होते. दोन्ही काखा शाईसारख्या काळ्या झाल्या. "हं, आता कसं!" सर्जनबाई म्हणाल्या. मला परीक्षेत पास झाल्यासारखं वाटलं.

मग कागदावर चित्र काढून समजावलं. छातीत दुर्बीण घालून घामाची नस तोडता येते. पण मग पाठ, पोट, मांड्या गळायला लागू शकतात, आणि तोडलेली नस पूर्ववत होईल याचा भरवसा नाही. नुसत्या काखेसाठी त्या शक्यतो हे करत नाहीत. किंवा घामाच्या जागेची कातडीच काढायची — व्रण मोठा, हात वर करताना ओढ बसू शकते. माझ्या धंद्यात नको रे बाबा. राहिलं ते म्हणजे छोटी भोकं पाडून आतून घामाच्या ग्रंथी खरवडून काढणं. भूल तेवढ्याच जागेला. इंजेक्शनंही असतात, पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात.

"पूर्ण कोरडं होईल असं मी सांगणार नाही. काहींना थोडं परतही येतं." हे ऐकून उलट माझा विश्वास बसला. खरवडायचं ठरलं.

२० मार्च

रजा मागताना मालकीणबाईंना कारण एका दमात सांगून टाकलं. "अगं, मला वाटायचं तुला काळाच रंग आवडतो," म्हणाल्या. रजा दिली. इतकं सोपं होतं?

२७ मार्च

झालं. आत काहीतरी ओढताहेत एवढंच कळत होतं. काखा जांभळ्या, पट्ट्या घट्ट. हात वर करायचे नाहीत, म्हणून आई माझे केस विंचरते. राग अजून गेलेला नाही. फणी मात्र हळू चालवते.

९ एप्रिल

टाके निघाले, डावीकडे अजून बधिर आहे. मुद्दाम उन्हात बसले. डावी कोरडी! उजवीकडे थोडासा ओलावा — चारचौघांना येतो तेवढाच. सोमवारपासून कामावर. आकाशी कोट घालून आरशासमोर मिरवून घेतलं.

१० एप्रिल

आईने खोलीचं दार लोटून घेतलं. वाटलं, आता ऐकवणार. माझ्या जखमा निरखून बघितल्या. मग अंगातला स्वेटर काढला — एप्रिलमध्ये स्वेटर, आणि माझ्या कधी डोक्यात आलं नाही! — आणि हात वर केला. बाहीपासून कमरेपर्यंत सगळं ओलं.

"तुझ्या बाबांनाही कधी कळू दिलं नाही," म्हणाली. "माझ्या वयाला करतात का गं?"