पाण्याखाली गेलेली खूण

आई, इंदूरला तुझ्या राजेंद्र नगरच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. चार दिवस सुट्टीवर आले आहे. ओटा तोच आहे, मिक्सर नवा आहे, आणि समोर तू दिलेली स्टीलची पाण्याची बाटली आहे, आता बुडाशी चेपलेली. मी जहाजावर इंजिनिअर म्हणून निघाले त्या सकाळी तू ती माझ्या हातात ठेवली होतीस. पलासियाहून निरोप द्यायला आलेला मामा पोट धरून हसला होता. "ताई, पोरीला समुद्रावर पाठवून राहिलीस आणि पाणी बांधून देतेस? गजब है!" तू पोळी लाटता लाटता मान वर न करता म्हणालीस, "तिथलं पाणी दुसऱ्याचं असतं." मामाला ते कळलं नाही. मला कळलं, पण तेव्हा मला निघायची घाई होती.

तुला सांगायची राहून गेलेली गोष्ट अशी, की तू गेलीस तेव्हा मी अजून जहाजाच्या इंजिनात हात काळे करत होते. पुढे मी परीक्षा दिल्या आणि सरकारी सर्वेक्षक झाले. म्हणजे बंदरात आलेल्या जहाजावर चढायचं, ते सुरक्षित आहे का बघायचं, आणि नसेल तर अडवून ठेवायचं. सोप्या भाषेत सांगायचं तर इन्स्पेक्टर. तुझ्यासारखी. नेमणुकीचं कळलं तेव्हा पहिला फोन तुला करावासा वाटला आणि तू नाहीस हे आठवून मला तुझा रागच आला. खरंच सांगते.

तुला वाटेल, समुद्रावर कोण कुणाला विचारतं. अगं, तुझ्या मिठाईवाल्याकडे नगर निगम, अन्नखातं आणि वजनमापं तपासणारी नापतौलवाली तू, एवढेच यायचात. जहाज बंदराला लागलं की वरात येते! सीमाशुल्कवाले माल बघतात, इमिग्रेशनवाले माणसं बघतात, बंदराचा डॉक्टर रोगराई बघतो. जागा आणि वाट दाखवणारा पायलट बंदराचा. लहान जेट्टी आणि फेरीच्या लाँचेस राज्याच्या मंडळाकडे, मासेमारीच्या होड्या मत्स्यखात्याकडे, आणि बाहेर खोल पाण्यात तटरक्षक दलाची गस्त. प्रत्येकाची हद्द वेगळी, प्रत्येकाचा शिक्का वेगळा, आणि चहा मात्र सगळ्यांना एकाच कपबशीतून. आम्ही बघतो ते एवढंच, की हे जहाज पाण्यावर राहील का आणि आतली माणसं घरी पोचतील का. झेंडा दुसऱ्या देशाचा असला तरी आपल्या बंदरात आलं की आपण बघू शकतो. मला हे फार आवडतं.

आता माझ्या कामाचा एक दिवस सांगते, म्हणजे आधी तुझा दिवस सांगावा लागेल. मे महिना, शाळेला सुट्टी, घरी कोणी नाही म्हणून तू मला कामावर बरोबर नेतेस. कॉटनची साडी, खांद्याला पितळी वजनांची पिशवी, त्या पिशवीने एका बाजूला झुकलेली तू. मिठाईच्या दुकानात गल्ल्यावरचे सेठजी हात जोडून उठतात. "आओ बेनजी, पहले पानी तो पी लो, बच्ची का मुँह सूख रिया हे." खरंच सुकलेलं असतं. ग्लास माझ्या नाकासमोर असतो, बाहेरून घाम सुटलेला. तू म्हणतेस, "सेठजी, पहले काँटा देख लूँ." काटा अगदी मधोमध उभा असतो. कोणीही सही करून निघून गेलं असतं. तू मात्र पलड्याच्या खालून हात फिरवतेस, जसा तापलेल्या मुलाच्या पाठीवरून फिरवावा, आणि मेणाचा गोळा ओढून काढतेस. काटा लगेच एकीकडे कलतो. सेठजी हसतात. "पाँच-दस ग्राम तो चलता हे बेनजी, सब जगे चलता हे." तू तराजू जप्त करतेस. आवाज जरासुद्धा चढत नाही.

बाहेर रस्त्यावरच्या प्याऊवर तू मला ओंजळीने पाणी पाजलंस. मी फुरंगटून म्हणाले की पाणीच तर होतं, मिठाई थोडीच होती. तू माझा कान धरलास, जोरात नाही, आणि म्हणालीस, "पाणी पिलं ना, की माणूस जान-पहचानीचा होतो. मग त्याचा काँटा बरोबरच दिसतो." घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. तूही माझी मनधरणी केली नाहीस.

तर माझं जहाज. पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खाडीतलं बंदर, पावसाळ्याचं तोंड, बाहेर समुद्र खवळायला लागलेला. परदेशी झेंड्याचं लहान मालवाहू जहाज सिमेंटच्या गोण्यांनी भरून निघायच्या तयारीत होतं. प्रत्येक जहाजाच्या कुशीवर एक खूण कोरलेली असते. गोल आणि आडवी रेघ. माल कितीही भरा, ती रेघ पाण्याखाली जाता कामा नये. तुझ्या वजनांवर ठप्पा असायचा ना, तसाच हा जहाजावरचा ठप्पा. धक्क्याच्या बाजूने पाहिलं तर रेघ पाण्याला अगदी टेकलेली, बुडालेली नाही. शिपिंग कंपनीचा एजंट घड्याळ बघत होता, भरती निघून जाणार होती. जहाजाचा भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, चहाचा ट्रे घेऊन आला. आपल्या कोकणातलाच, पिकल्या केसांचा. मी माझी बाटली दाखवली आणि पलीकडची बाजू बघायला होडी मागितली.

एजंट म्हणाला, "मॅडम, एक बाजू बघितलीत ना?" मी होडीत बसले. जहाज धक्क्यापासून पलीकडे कललेलं होतं, आणि त्या बाजूची रेघ वीतभर पाण्याखाली होती. मी बाही वर करून पाण्यात हात घातला आणि ती कोरलेली रेघ बोटांनी चाचपली. आई, त्या क्षणी मला पलड्याखालचा तुझा हात दिसला.

कप्तान हुशार होता. म्हणाला, खाडीचं पाणी गोडं आहे, म्हणून जहाज जास्त बसलंय, खाऱ्या समुद्रात गेलं की वर येईल. हे खरं असतं, गोड्या पाण्यात जहाज थोडं खोल बसतं. मी बादलीने पाणी वर ओढायला लावलं आणि त्यात घनता मोजायची काचेची नळी सोडली, घरी दूधवाल्यासमोर तू दुधात सोडायचीस तशीच. पाणी जवळजवळ समुद्राइतकंच खारं निघालं. एजंट शेवटी म्हणाला, "मॅडम, एवढं तर सगळीकडे चालतं." मला हसूच आलं. कुठले सेठजी, कुठला हा!

मी जहाज अडवलं. माल उतरवा, रेघ वर आली की जा. मग एजंटचे माझ्या वरिष्ठांपर्यंत फोन सुरू झाले. बाई नवीन आहे, बाई इंदूरची आहे, तिने समुद्र पाहिलाय कधी, सगळं बोलून झालं. माझं मोजमाप चुकलं असतं तर नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझं हसं झालं असतं, आणि मी डोळेझाक केली असती तर त्या भंडाऱ्यासकट सगळी माणसं त्या समुद्रात गेली असती. वरिष्ठांनी फोनवर एकच विचारलं, "दोन्ही बाजू बघितल्यात?" मी म्हटलं, हो. "मग मी बघतो बाकीच्यांचं." माझ्या खात्याचा मला तेव्हा जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

दुसऱ्या दिवशी गोण्या उतरल्या, जहाज सरळ झालं. मी होडीतून दोन्ही रेघा पाहिल्या, दोन्ही पाण्याच्या वर. सोडपत्रावर सही करायला वर गेले तर भंडारी पुन्हा चहा घेऊन उभा. हळूच म्हणाला, "काल आम्ही कुणी बोललो नाही, मॅडम. आम्हाला बोलता येत नाही. आज तरी घ्या."

हे पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. घडी करून फडताळात तुझ्या डब्यांच्या मागे ठेवीन, उद्याच्या गाडीने परत जाईन. पण ठेवण्याआधी एक सांगून टाकते. मी तो चहा घेतला, आई. सही व्हायची होती तरी घेतला, साखर फार होती तरी सगळा प्यायले. मग कप खाली ठेवला, पुन्हा होडी मागवली, आणि दोन्ही बाजूंच्या रेघा परत एकदा पाहून आले. माणूस आता ओळखीचा झाला होता ना.