दातांच्या दवाखान्यासाठी पाच सेकंद

तीर्थरूप ताईस,

आठांपैकी जेवढी अंगं वाकतात तेवढ्यांनी नमस्कार. (सध्या पाच. कंबर, डावा गुडघा आणि तुझ्या भावजयीच्या मते माझा हेका, ही तीन वाकत नाहीत.) तुझ्या तब्येतीची चौकशी करणार होतो, पण परवा फोनवर तू पाऊण तास न थांबता तीच सांगितलीस, तेव्हा ती ठणठणीत आहे असं धरून चालतो. भाऊजींनाही नमस्कार. त्यांचा खोकला अजून बरोबर समेवरच येतो का?

इकडे सगळं क्षेमकुशल आहे आणि मी संगीतकार झालो आहे. हसू नकोस. शाळेतून निवृत्त झालो त्याच वर्षी उजव्या हाताची दोन बोटं आखडली, पेटी गवसणीत गेली आणि पुढं दोन वर्षं मी तिच्याकडे भांडण झालेल्या शेजाऱ्याकडे बघावं तसा बघत होतो. फार वाईट गेली ती वर्षं, तुला सांगितलं नाही एवढंच. मग धाकट्या लेकीनं तिचा जुना कॉम्प्युटर माझ्यापुढे ठेवला आणि त्यात चाली रचायचं सॉफ्टवेअर घालून दिलं. त्यात पडद्याच्या डाव्या कडेला पेटीच्या पट्ट्या उभ्या करून ठेवलेल्या असतात, पुढे चौकटीची वही पसरलेली असते, आणि माऊसनं टिचकी मारली की एकेक सूर फरशीसारखा बसतो. ओढला की लांबतो, नको असेल तर पुसता येतो. याला एकच बोट लागतं आणि तेवढं माझ्याकडे आहे. त्या दिवशी मी जेवायला तीन हाका मारल्यावर उठलो.

आता समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांविषयी. त्यांच्याकडे पुढचा नंबर पुकारायला अशी कर्कश घंटा आहे की बसलेली माणसं दचकून जीभ चावतात आणि मग दाताबरोबर जीभही दाखवतात. माझी दाढ साफ करता करता ते म्हणाले, "मास्तर, घंटेच्या जागी पाच सेकंदांचा एखादा गोड तुकडा करून द्या की." मी मान हलवली. (तोंडात कापूस असताना माणूस दुसरं काय करणार?) पण खरं सांगायचं तर घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते. बोटं गेल्यावर मला कुणी पहिल्यांदाच सूर मागितला होता.

पाच सेकंदांत मी आजवर फक्त घसा खाकरला आहे. पहिला तुकडा झाला सत्तेचाळीस सेकंदांचा. तो वाजू लागला की पेशंट आत जाऊन, खुर्चीत बसून, आ वासून तयार, आणि बाहेर माझा विस्तार चालूच. मग काटछाट. त्यात एक फजिती अशी झाली की तुकड्याच्या मी सहा प्रती काढून ओळीनं मांडल्या होत्या, म्हणजे प्रत्येकीत वेगळा बदल करून पाहता येईल. पण त्या प्रती निघाल्या एकत्र कुटुंबातल्या. एकीचा गंधार हलवला की सहाही जणींचा हलायचा, एकीचा धैवत पुसला की सगळीकडून गायब. दोन दिवस मी कॉम्प्युटर बिघडला म्हणून बोंब मारली. शेवटी लेकीनं येऊन त्यांना वेगळं केलं, एका टिचकीत.

पाच सेकंदांचा जो तुकडा निघाला, तो निषादावर थांबत होता. दवाखान्यात लावला तर कुणी उठेचना. सगळे आपले पुढचा सूर येईल म्हणून छताकडे बघत बसलेले. ठीक आहे, म्हणून मी शेवटी षड्ज ठेवला, भरपूर लांब, अगदी घरी आणून सोडला. तर दोन आजोबा समाधानानं उठले, चपला घातल्या आणि खरोखरच घरी गेले. डॉक्टर हसले, पण दुपारी त्यांनी निरोप धाडला, की मास्तर, उद्याचा दिवस बघू, नाहीतर आपली घंटाच बरी. घंटेकडून हरलो असतो तर मी पुन्हा माऊसला हात लावला नसता.

सकाळी मी सगळं पुसलं आणि काहीही न ठरवता पाच सूर मांडले. शेवटचा पंचम, तोही जागेवर नाही, जरासा उशिरा. त्या सॉफ्टवेअरला उशीर खपत नाही. सूर सोडला की ते त्याला चिमटीत धरून जवळच्या रेघेवर नेऊन बसवतं. ती शिस्त बंद करून मी पंचम केसभर मागे सरकवला, आणि तुझ्या भावजयीला दोन्ही ऐकवले. रेघेवरचा ऐकून ती म्हणाली, "हा हजेरी देतोय." उशिराचा ऐकून म्हणाली, "हा बोलावतोय." तिला गाण्यातलं काही कळत नाही असं मी तीस वर्षं सांगत आलो, ते शब्द परत घेतले. (मनातल्या मनात.)

आता तुकडा वाजला की माणसं मान वर करतात आणि उठून आत जातात. मी रोज अर्धा तास तिथे जाऊन बसतो. दात चांगले आहेत, तरी बसतो. फार बरं वाटतं, ताई.

तुझा आज्ञाधारक (सोयीपुरता)
धाकटा भाऊ

ता. क. काल चाळिसाव्यांदा ऐकताना घाम फुटला. तो तुकडा माझा नाही. तू कपडे वाळत घालताना हाच गुणगुणायचीस, आणि शेवटचा सूर उशिरा यायचा कारण आधी तोंडातला चिमटा काढावा लागायचा. इतकी वर्षं तो माझ्यात कुठे बसला होता देव जाणे. मी चोर आहे, पण मला रडू आलं ते चोरीमुळे नाही.

ता. क. दुसरा. पत्राचं खरं कारण. डॉक्टरांना आता पेशंट बाहेर पडताना वाजवायला आणखी एक तुकडा हवा आहे, आणि मी आठ दिवस कोऱ्या वहीपुढे बसलो आहे. केर काढताना तू निराळंच काहीतरी म्हणायचीस. ते आठवून फोनवर गुणगुणून पाठव.

ता. क. तिसरा. नाही म्हणायची सोय उरलेली नाही. दवाखान्यात वीतभर पाटी लागली आहे. लहानपणी पेटीवर जशी आपली वाटणी असायची तशीच रंगवून घेतली: "सूर – ताई. भाता – मास्तर."