साडेचार किलो वाळू

चिरंजीव धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. गुडघा कसा आहे? दुखतच असणार, कारण सांगितलेला व्यायाम तू करत नाहीस. आमच्या सातवीने वाचनालयाच्या सभागृहासाठी केलेला अर्ज, सचिव या नात्याने तू ‘विषय मुलांना झेपणारा नाही’ असा शेरा मारून परत पाठवलास. हे पत्र त्याबद्दल नाही.

झालं असं. जगात कुठे कुठे मुलांच्या हातात बंदुका देऊन त्यांना लढाईत ढकलतात, हे वर्गाने वाचलं आणि दोन दिवस वर्ग गप्प होता (तीस वर्षांत मला न जमलेली गोष्ट). तिसऱ्या दिवशी त्यांनी कापडी पिशवी शिवली, भरलेल्या बंदुकीइतकी म्हणजे साडेचार किलो वाळू तीत घातली आणि दिसेल त्या मोठ्या माणसाच्या हातात ती देऊन त्याला उभं करायला सुरुवात केली. शिपाई, कारकून, चित्रकलेचे मास्तर, कोणी सुटलं नाही. या विषयावर कार्यक्रम करायची परवानगी मागितली तेव्हा मुख्याध्यापक मात्र तुझंच वाक्य बोलले. त्यावर वर्गातली सगळ्यांत बुटकी मुलगी (आम्ही तिला लवंगी म्हणतो) म्हणाली, “सर, ती मुलंही आमच्याच वयाची आहेत. त्यांना कोणी विचारलं का, झेपतं का म्हणून?” आणि पिशवी त्यांच्या हातांवर ठेवली. “पाच मिनिटं धरा, मग नाही म्हणा.”

वाळू ओली होती. (बागेला पाणी घातल्या घातल्या भरलेली. वाळवली तर वजन घटेल आणि खोटं वजन चालणार नाही, हा त्यांचा बाणा.) तिसऱ्या मिनिटाला सरांच्या पँटवर नको त्या जागी डाग पसरू लागला, चौथ्याला पालक संघाच्या बाई आत आल्या. सर लालबुंद झाले, पण पिशवी खाली ठेवेनात. लवंगी घड्याळ धरून समोर उभी होती ना! पाच मिनिटं भरली तेव्हा सर एवढंच म्हणाले, “करा कार्यक्रम.”

मी वर्गाला शाबासकी देत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशीही दिली नाही. फळ्याकडे तोंड करून उभी राहिले आणि लिहिलेली तारीख पुसून पुन्हा लिहिली.

तुझी,
ताई

ता. क. : उद्या अकराला सगळी सातवी तुझ्या कचेरीत येते आहे. नकार कायम असेल तर पिशवी धरून, मुलांकडे बघून सांग.

आणखी एक : “ते ऐकतील का हो, बाई?” असं लवंगीने विचारलं. मी म्हटलं, माझा भाऊ हट्टी आहे, पण वाईट नाही. भर वर्गात तुझी बाजू घेतली आहे. मला तोंडघशी पाडू नकोस.